गाडी बघायला धोंडू हवा

बोरिवली (पूर्व),
रविवार, दि. १६ फेब्रुवारी २०२५

ती. धोंडूकाकांस,
अनुपमाचा सा. न. वि. वि.

पाकीट बघून तुम्ही आधी चष्मा शोधाल आणि मग कोण गेलं म्हणून घाबराल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, सगळे धडधाकट आहोत. म्हणजे आपल्या घरात जेवढं धडधाकट असता येतं तेवढं. फोन करण्यात अर्थ नाही. मागच्या खेपेला मी बाबांची तब्येत सांगत होते आणि तुम्ही यंदा मोहोर बरा धरलाय असं उत्तर देत होतात. ऐकायचं मशीन कानात घालायचं असतं काका, कपाटात ठेवून त्याने ऐकू येत नाही.

बाबांच्या पाठीखालची जखम डिसेंबरपासून चिघळलीय. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ड्रेसिंगला अंधेरीला न्यावं लागतं. मोबाइलवरून टॅक्सी बोलावते, ती गेटपर्यंत येते, ड्रायव्हर व्हीलचेअर बघतो आणि डिकीत गॅसची टाकी आहे, खुर्ची मावणार नाही म्हणून निघून जातो. गेल्या मंगळवारी अशा तीन गाड्या गेल्या. हॉस्पिटलच्या गेटवर सव्वा तास आम्ही उन्हात उभे होतो. मी उभी, ते बसलेले. शेवटी त्यांचे कपडे ओले झाले. पुढून माणसं येत-जात होती. शुक्रवारी ते म्हणाले की आता ड्रेसिंग नको, बरी होते जखम आपोआप. काका, ती आपोआप बरी होत नाही. आतपर्यंत गेली तर काय होईल ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय.

म्हणून गाडी घ्यायची ठरवलीय. नवीन झेपणार नाही. तुमच्या जावयाने, सुयोगने, वर्सोव्याला एक बघितलीय, २०१३ची, सात सीटवाली. मागची सीट काढली की खुर्ची घडी न घालता आत जाते. मालक दिपेश म्हणून आहे, मासळीचा धंदा. फोटो छापून सोबत पाठवतेय. सुयोगला पाडव्याला दारात हवी आहे, आणि त्याच्या मते चालती गाडी म्हणजे चांगली गाडी. तुम्ही चौतीस वर्षं डेपोत फिटर होतात. दोन दिवस या आणि बघून जा. बाबांच्या अपघातानंतर अकरा वर्षांत तुम्ही दोनदाच आलात, एकदा हॉस्पिटलात आणि एकदा आईच्या बाराव्याला. आता जरा कामासाठी तरी या. बाबांना अजून यातलं काही सांगितलेलं नाही.

बाकी भेटीत. माया आहे तशी ठेवा, आणि मशीन कानात घाला.
तुमची,
अनुपमा

* * *

मसुरे, ता. मालवण,
दि. २४ फेब्रुवारी २०२५

चि. अनुपमास,
धोंडूकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र शनिवारी पोचलं. पोस्टमन दारात बोंबलत होता म्हणे. मला काही पत्ता नाही. शेवटी त्याने खिडकीतून आत फेकलं. दादाचं वाचून जेवण गेलं नाही. त्याच्यासारख्या टापटीप माणसाला चारचौघांत असं बसवून ठेवलं. कामावर जाताना रुमालाची घडीसुद्धा मोडलेली त्याला चालायची नाही.

पण बाय, माझं येणं व्हायचं नाही. गुडघा बसला की उठत नाही, उठला की बसत नाही. काजू गळायला लागलेत, ते सोडून गेलो तर माकडं एक बी ठेवायची नाहीत. आणि गाडी मी बघायचो ती कानाने. बस डेपोच्या फाटकातून आत वळली की पाठमोरा उभा राहून सांगायचो, कुठल्या चाकाचं बेअरिंग बोलतंय ते. आता कानच गेले. बहिऱ्या फिटरला कोण विचारतो गो. माझ्यान आता ता जमाचा नाय.

तरी काय काय बघायचं ते लिहितो. सुयोगला नको, तूच बघ, तुझी नजर तुझ्या आईची आहे. न कळवता सकाळी जा. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवलीय असं समज आणि दुसऱ्या दिवशी येते म्हणून परत फिर. इंजिन थंड असताना चालू केलं की ते खरं काय ते बोलतं. मागे उभी राहा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा धूर मिनिटभरात थांबला नाही तर आत पाणी जातंय. ऑइलचं झाकण उघडून उलटं कर, खाली दुधाच्या सायीसारखं दिसलं तर चहासुद्धा न घेता निघ. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढ. टोकाला माती असेल तर गाडी पुरात बुडालेली आहे, वरून कितीही पुसली तरी. मीटर कमी दाखवतो आणि ब्रेकच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत झालंय असं असेल तर मीटर फिरवलाय. दरवाजाचं रबर ओढून काढ आणि खालच्या पत्र्यावरचे कंपनीचे गोल ठिपके बघ, ते एका अंतरावर आणि एकसारखे हवेत. आरसी बुकावर मालक कितवा आणि कर्जाचा बोजा उतरलाय का ते बघ, चासीवरचा नंबर स्वतः वाचून ताडून बघ.

आणि सगळ्या मॅट उचल. हे शेवटी लिहितोय, पण करायचं पहिलं. पुढच्या, मागच्या, ड्रायव्हरच्या सीटखालची तर नक्की. चिकटवलेली असली तर फाडायला लाव. मालकाला राग आला तर येऊ दे.

अजून एक. बघायला जाताना सुयोगच्या पिशवीत नारळ असता कामा नये. पेढे, हार, हळदकुंकू काही नको. आधी सगळं बघून, विचारून, भांडून होऊ दे. तिथला एखादा चांगला मेकॅनिक गाठ आणि घ्यायची की नाही ते त्याच्याकडून ठरव. मला हो-नाही विचारू नको. आणि दादाला माझ्याकडे पत्र टाकलंस ते कळवू नको.

जखमेला माशी बसू देऊ नको. काकाची आठवण काढत राहा, काकावर रागावू नको.
तुझा,
धोंडूकाका

* * *

बोरिवली (पूर्व),
बुधवार, दि. ५ मार्च २०२५

ती. धोंडूकाकांस,
अनुपमाचा सा. न. वि. वि.

तुम्ही लिहिलंत त्यातलं निम्मं केलं आणि निम्म्याची वाट लागली. रविवारी वर्सोव्याला गेलो. न कळवता जायचं होतं, पण सुयोगने आदल्या दिवशीच फोन करून टाकलेला. बॉनेटवर हात ठेवला तर चांगलंच गरम. मी परत फिरायचं म्हणाले, तर सुयोगने असं बघितलं जसं काही मी लग्नातून न जेवता निघालेय. मग तिथेच दीड तास थांबलो, गार होईपर्यंत. दिपेशला गंमत वाटली.

धूर नाही. ऑइलचं झाकण साफ. पट्टे कोरडे, ठिपके एकसारखे, मालक पहिलाच, कर्ज फिटलेलं. पेडलचं रबर झिजलंय, पण मीटरही तेवढंच दाखवतो. सीटखालचे बोल्ट मात्र नारिंगी झालेत. मागे सहा वर्षं बर्फाच्या आणि मासळीच्या पेट्या वाहिल्यात, तिथला पत्रा बदललाय, ते दिपेशने आपणहून दाखवलं. वास आहेच. सुयोग म्हणाला की वास जाईल. त्यावर दिपेशची आई सखुबाई बाजेवर बोंबील निवडत बसली होती ती म्हणाली की अजिबात जायचा नाही, सहा वर्षं तीच धुतेय. मला बाई आवडली. तिने मला जवळ बोलावून सांगितलं की तिचा पोरगा खोटं बोलणार नाही, पण विचारल्याशिवाय सांगणारही नाही, तेव्हा काय ते विचारून घे.

आणि नेमकं तेच राहिलं. ड्रायव्हरच्या बाजूची मॅट खाली चिकटवलेली आहे. मी ती उचलायला वाकले, तेवढ्यात सुयोगने पिशवीतून नारळ काढला. हो, आणलाच होता, मला चोरून. पेढेही होते. सखुबाईंनी तेवढ्यात हळदीकुंकवाचं ताट मागवलं. त्या सगळ्यांसमोर मॅट फाडा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. कसाबसा एवढा शहाणपणा केला की नारळ पाडव्यालाच फोडू म्हणून तो परत पिशवीत ठेवायला लावला. सुयोग अजून फुगून बसलाय.

आता दुसरी गोष्ट. बाबांना सांगावंच लागलं, कारण ते ड्रेसिंगला यायला तयार नव्हते. वाटलं, गाडीचं ऐकून खूश होतील. तर ते म्हणाले की धोंडूने बघितली तर बसेन, नाहीतर त्या गाडीत पाय ठेवणार नाही. पाय ठेवणार नाही असंच म्हणाले, आणि स्वतःच हसले. मी म्हटलं की मेकॅनिक आणू, ओळखीचा आहे. तर नाही. गाडी बघायला धोंडूच हवा.

गेले दोन शुक्रवार ड्रेसिंग बुडलंय. काका, काजू काय हो, माकडं खाऊ देत. तुम्ही येत का नाही ते मला खरंच कळत नाही आणि आता मला रागही यायला लागलाय. गुडघ्याचं कारण तुम्ही आईच्या वर्षश्राद्धालाही दिलं होतं. आमचं काही चुकलं असेल तर तसं लिहा.

उत्तर लगेच हवं. राग आला तरी पुतणीला परकी करू नका.
अनुपमा

* * *

मसुरे,
दि. ११ मार्च २०२५

चि. अनुपमास,
अनेक आशीर्वाद.

तुमचं काही चुकलेलं नाही. हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन चुलीत घातली.

कानाचं कारण खोटं आहे. मॅटखालचं बघायला कान लागत नाहीत.

तू तेव्हा लग्न होऊन नुकतीच पुण्याला गेली होतीस, म्हणून तुला तो दिवस माहीत नाही. २०१४ची अक्षय्य तृतीया, शुक्रवार. दादाच्या कारखान्याने त्याला घरी बसवलं होतं, आणि मिळालेल्या पैशातून त्याने जुनी व्हॅन घेतली, जूनपासून शाळेची पोरं सोडायला. घेताना मला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर मी किंमत पाडली असती, चार खोड्या काढल्या असत्या, हे त्याला ठाऊक. त्याला एकदा तरी थोरल्या भावासारखं स्वतः काहीतरी करून दाखवायचं होतं. माझी सकाळची पाळी. घाटकोपरहून मी पोचलो तेव्हा दीड वाजलेला. नारळ फुटून गेला होता. बॉनेटवर स्वस्तिक, हार घातलेला, वहिनीचं देवाला गाऱ्हाणं घालून झालेलं. बिल्डिंगमधली सगळी माणसं खाली. दादा नवा शर्ट घालून उभा होता. कारखाना बंद पडल्यापासून त्याचा चेहरा तसा मी बघितला नव्हता.

सवयीने मी आत बसलो आणि पायाखालची मॅट उचलली. खाली वेल्डिंग होतं. बोटाएवढं जाड, या दरवाजापासून त्या दरवाजापर्यंत, वर ताजा काळा रंग. मी फिटर माणूस, मला सांगायला कोणी लागलं नाही. दोन ठोकलेल्या गाड्यांचे चांगले अर्धे भाग घेऊन ती एक गाडी केली होती. असली गाडी गल्लीत फिरेल महिनाभर. वेगात आली की कधी उलगडेल त्याचा नेम नाही.

मी मॅट परत खाली ठेवली. वहिनीने हातावर पेढा ठेवला, तो खाल्ला. दादाने विचारलं नाही आणि मी बोललो नाही. आपल्याकडे नारळ फुटल्यावर त्या वस्तूबद्दल वाकडं बोलत नाहीत. दाराला तोरण लावल्यावर घरात खोट काढत नाहीत, तसंच ते. मनात म्हटलं, आज शुक्रवार, सोमवारी माझी सुट्टी आहे, सोमवारी येतो, त्याला एकट्याला बाजूला घेतो आणि गाडी परत करायला लावतो. दोन दिवस त्याला मिरवू दे. रविवारी सकाळी तो गॅस भरायला म्हणून घोडबंदर रोडला गेला. गायमुखच्या उतारावर गाडी सीटखालून उघडली.

पोलिसांनी ब्रेक फेल लिहिलं. मी हॉस्पिटलात त्याच्या पायथ्याशी बसलो होतो. शुद्धीवर आल्यावर तो माझ्याकडे बघत होता आणि मला वाटलं, आता सांगावं. पण मी त्याची चादर सारखी करत राहिलो. त्याच वर्षी मुदतीआधी नोकरी सोडून इकडे आलो. तुझ्या काकीलाही कधी सांगितलं नाही, ती गेली तशीच.

तो मला गाडी बघायला बोलावतोय. त्याचा माझ्यावर विश्वास आहे, हे मला सहन होत नाही. कुठल्या तोंडाने येऊ? हे पत्र त्याला दाखवायचं की नाही ते तू ठरव. दाखवलंस तरी तुझ्यावर माझा बोल नाही. ती मॅट मात्र फाड. मी सांगतोय म्हणून फाड.

आशीर्वाद देण्याचा हक्क राहिला असेल तर तो आहेच.
धोंडू

* * *

बोरिवली (पूर्व),
मंगळवार, दि. १८ मार्च २०२५

ती. काकांस,
सा. न.

तुमचं पत्र शनिवारी आलं. जिन्यात उभ्याने वाचलं. तुमच्याशी खोटं बोलणार नाही, खूप राग आला. आईने पाच वर्षं बाबांना उचलून उचलून स्वतःची कंबर घालवली ते आठवलं. एका वाक्याचं काम होतं काका. लोकांसमोर वाईट दिसलं असतं, बाबा चार दिवस बोलले नसते, आई रडली असती. बस.

दोन दिवस पत्र पर्समध्ये ठेवून ऑफिसला नेलं-आणलं. मग वाटलं, आता मीही तेच करतेय. काल सकाळी बाबांच्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी कागद मागितला. सोबतचं पत्र त्यांचं आहे. पाकीट त्यांनी स्वतः चिकटवलंय, मी वाचलेलं नाही.

जेवत जा.
अनुपमा

* * *

बोरिवली,
१७ मार्च

चि. धोंडूस,
तुळशीदासाचे आशीर्वाद.

खूप वर्षांनी तुला पत्र लिहितोय. अक्षर वेडंवाकडं आलंय, कारण फळी मांडीवर धरलीय आणि मांडीला फळी कळत नाही. समजून घे.

ते वेल्डिंग मी तुझ्याआधी बघितलं होतं. विकणाऱ्याच्या आवारातच. मॅट पायाने सरकली आणि दिसलं. मी विचारलं, तर तो म्हणाला की किरकोळ काम आहे, पत्रा गंजला होता तेवढा बदललाय. मला ते खरं वाटलं नाही. पण गाडी स्वस्त मिळत होती, घरी सांगून झालं होतं, शाळेत जाऊन शब्द दिला होता. आणि तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून तुला बोलावलं नाही. तू लिहितोस की मला थोरल्या भावासारखं काही करून दाखवायचं होतं. तसं नव्हतं रे. मी तुला घाबरलो होतो.

त्या दिवशी तू उशिरा आलास, आत बसलास, मॅट उचललीस. मी हाराच्या बाजूला उभा राहून तुझ्याकडेच बघत होतो. तू मॅट खाली ठेवलीस, बाहेर आलास, पेढा खाल्लास. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, धोंडूने बघितलं आणि काही बोलला नाही, म्हणजे एवढं काही नसणार. त्या रात्री महिन्याभरानंतर मला शांत झोप लागली. रविवारी मी ती गाडी त्या उतारावर साठच्या वर नेली ती तुझ्या भरवशावर.

हे तुला लागेल, मला ठाऊक आहे. लागू दे. पण सगळं तुझ्या डोक्यावर नाही, अर्धं माझं आहे. ते मी तुला अकरा वर्षांत दिलं नाही. हॉस्पिटलात मी तुझ्याकडे बघत होतो ते यासाठी की तू विचारशील, दादा तुला दिसलं नव्हतं का. तू विचारलं नाहीस आणि गावाला निघून गेलास. मला वाटलं, माझी लबाडी तुला कळली आणि तुला माझी किळस आली. शिवाय माझ्या मूर्खपणापायी तुझ्या वहिनीचे हाल झाले, ते तुला बघवत नसतील. ती जायच्या आधी चार दिवस मला म्हणाली होती की धोंडूभावजींना बोलवा. मी म्हटलं, त्याला यायचं असेल तर येईल.

मला तुझा राग आहे. पायांबद्दल नाही. पायांचं मी कधीच सोडून दिलं. राग याचा आहे की या खोलीत मी अकरा वर्षं एकटा बसलोय, आणि ज्याच्याशी हे बोलता आलं असतं असा जगात एकच माणूस होता, तो तिकडे माकडं हाकलत होता. वहिनीच्या बाराव्याला आलास म्हणून अनुपमा सांगते. तू दारातल्या बाकड्यावर बसलास आणि जेवून गेलास. माझ्या खोलीत आला नाहीस.

आता कामाचं. उद्या मंगळवार आहे, मी ड्रेसिंगला जातोय. किती का टॅक्स्या येईनात आणि जाईनात. अनुपमाला तसं सांगितलंय, ती रडली. पण गाडी लागणार आहे, पोरगी माझ्यापायी वाकत चाललीय. येत्या रविवारी मी स्वतः वर्सोव्याला जाणार आहे खुर्चीतून. पिशवीत काही नसेल, सुयोगला बजावलंय. ती कोळीण म्हणते म्हणे, पोरगा विचारल्याशिवाय सांगत नाही. आपण दोघे त्याच्यापेक्षा काय वेगळे होतो?

तुला ऐकू येत नाही आणि मला उभं राहता येत नाही. तू वाकून मॅट फाड आणि खाली जे दिसेल ते मोठ्याने सांग, बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्या कोळीवाड्याला ऐकू जाईल असं. वाईट असेल तर वाईट म्हण. सुयोगचं तोंड उतरेल, पोरीचा हिरमोड होईल, त्या बाईला वाईट वाटेल, तरी म्हण. मी तुझ्या शेजारी असेन.

त्या दिवशी तुला विचारायची माझी हिंमत झाली नाही. आज विचारतो. धोंडू, ही गाडी घेऊ का?

उत्तर पत्राने नको.
तुझा दादा,
तुळशीदास